जुनी सायकल भंगारात घालण्यापूर्वी



भोकर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आमच्याकडे आले आहे. तिचे सासरे मुदखेड-आदिलाबाद लोहमार्गावर गँगमन होते. त्यांची सायकल त्यांच्या मागे वीस वर्षे जनावरांच्या सपरात उभी आहे. टायर कुजले, सीटचे चामडे वाळून फाटले, हँडलवर कोंबड्या बसतात. भंगारवाला किलोच्या भावाने मागतो आहे. पण मागच्या महिन्यात दोन माणसे मोटारीतून आली, त्यांनी सायकलीचे फोटो काढले, पायडलजवळचे लोखंड थुंकी लावून पुसून पाहिले आणि एकदम तीन हजार देतो म्हणाली. घरधनी म्हणतात, देऊन टाकू. सासूबाई म्हणतात, मी हाय तवर न्हाई. या भगिनीचा आम्हाला प्रश्न असा की, ह्या सायकलीत असे आहे तरी काय, आणि ती पुन्हा चालेल का?

दुसरा प्रश्न आम्हाला जास्त मोलाचा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. बहुतेक करून चालेल. नळ्या आतून कुजल्या नसतील, कुठे तडा गेला नसेल आणि चिमटा वाकलेला नसेल, तर पन्नास-साठ वर्षांची सायकल पुन्हा रस्त्यावर येऊ शकते. त्यात पाना, हातोडी आणि धीर यांनी उघडणार नाही असा भाग नाही. मोबाईल बिघडला तर तो का बिघडला हे दुकानदारालाही सांगता येत नाही. सायकलीचे तसे नाही. तिचा प्रत्येक दोष डोळ्यांना दिसतो, कानाला ऐकू येतो किंवा हाताला लागतो.

दुसरे कारण आपल्या देशातलेच आहे. इंग्लंडात दांडीची, रॉड ब्रेकची, काळी उभी सायकल रोजच्या वापरातून केव्हाच गेली. आपल्याकडे तीच घडण अजूनही तयार होते, दूधवाले आणि शेतमजूर तीच वापरतात. त्यामुळे २८ बाय दीडचा टायर, ट्यूब, कॉटर, ब्रेकचे रबर, रॉडचे सांधे ही सारी चीज तालुक्याच्या दुकानातही मिळते. तिकडच्या देशांतले जुन्या सायकलींचे छंदी लोक हिंदुस्थानात झालेले टायर शोधत असतात. ते ज्याच्यासाठी धडपडतात, ते आपल्या बाजारात खिळ्याला टांगलेले असते!

आता पहिला प्रश्न. तिच्यात असे काय आहे?

भंगारवाल्याच्या काट्यावर अशी सायकल वीस-बावीस किलो भरते. त्याचा हिशेब तिथेच संपतो. मोटारीतून आलेल्यांचा हिशेब निराळा. शहरातल्या हॉटेलांत जुनी सायकल भिंतीला टांगण्याची टूम निघाली आहे, आणि हौशी संग्राहकही वाढले आहेत. त्यातले काही खरे जाणकार आहेत, त्यांना आमचा दोष नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभे केले आहे, ते २०१७ साली लोकांसाठी खुले झाले. शंभरावर सायकली तिथे नीट करून मांडल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी केलेली बीएसएची घडीची सायकलही त्यांत आहे. पुण्याला लग्नकार्याला गेलात तर मुलांना अवश्य दाखवा. पण खेड्यात येऊन म्हातारीकडून कवडीमोलाने सायकल उचलायची आणि तिचे सुटे भाग वेगवेगळे विकायचे, असा धंदा करणारेही आहेत. तेव्हा विकायची की ठेवायची हे घरात बसून ठरवा. फक्त ती काय आहे हे ओळखल्याशिवाय विकू नका.

ओळखायची कशी? हँडलच्या खाली, समोरच्या उभ्या नळीवर पत्र्याचा किंवा पितळेचा बिल्ला असतो. त्यावर कारखान्याचे नाव असते. बिल्ला गेला असेल तर पायडलजवळचे मोठे दातेरी चाक पाहा. ते पुसून पाहणारा माणूस उगाच पुसत नव्हता. बीएसएच्या चाकात तीच तीन अक्षरे कोरलेली असतात. बर्मिंगहॅमचा हा कारखाना मुळात बंदुकांचा, म्हणून त्याच्या खुणेत तीन बंदुका एकमेकींना टेकवलेल्या दिसतात. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या चाकात बगळ्याची डोकी असतात. हंबर सायकलीचा पुढचा चिमटा दोन्ही बाजूंना जोडनळ्यांचा असतो, तो लांबूनच कळतो. सीटच्या चामड्यावर ब्रुक्स हे नाव उमटलेले असेल तर ती सीट फाटकी असली तरी फेकू नका. मागच्या हबवर स्टर्मी-आर्चर असे कोरलेले असेल तर तो तीन गिअरचा हब आहे, आणि बहुधा त्याच्यावरच तयार झाल्याचे साल दोन आकड्यांत छापलेले सापडते.

पण नाव विलायती म्हणजे सायकल विलायती, असे समजू नये. हर्क्युलिस आणि फिलिप्स ही नावे बर्मिंगहॅमची खरी. परंतु १९४९ साली मद्रासकडे टीआय कंपनी निघाली आणि पुढे अंबत्तूरच्या कारखान्यात ह्याच नावांच्या सायकली आपल्या कामगारांनी बनवल्या. रॅलेचेही तसेच. आसनसोलजवळ सेन-रॅलेचा कारखाना होता, तिथल्या सायकली मराठवाड्यातही आल्या. सोनीपतची ॲटलस १९५१ ची, लुधियानाची हिरो १९५६ ची. आणि आपल्या मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. कारखाना गेला, पण वरळीत हिंद सायकल रोड हे नाव अजून आहे. हिंद आणि सेन-रॅले या दोन्ही कंपन्या डबघाईला आल्या तेव्हा १९८० साली कायदा करून त्यांचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी पुढे त्या बंदच पडल्या. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना तर ३ जून २०२० रोजी बंद झाला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन होता. सोहळा जगात, आणि कामगार गेटाबाहेर!

म्हणजे आपल्या भगिनीच्या सपरातली सायकल हर्क्युलिस असली, तरी गँगमनच्या पगारातून साठ-सत्तरच्या दशकात घेतलेली असेल तर ती अंबत्तूरची असण्याचाच संभव जास्त. संग्राहकाच्या लेखी तिची किंमत विलायतीपेक्षा कमी. चालवणाराला त्याने काही फरक पडत नाही.

आणि आम्हाला विचाराल तर गँगमनची सायकल ही त्या घरातली पहिली स्वतःच्या मजुरीने घेतलेली यंत्राची वस्तू असते. गावकीची कामे सोडून जी माणसे रेल्वेत, जिनिंगमध्ये, बांधकामावर गेली, त्यांनी पहिल्या दोन-चार वर्षांत काय घेतले असेल ते आठवून पाहा. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर सायकल हेच येते. पाटलाच्या वाड्यासमोरून सायकलवर बसून जायचे नाही, उतरून ढकलत न्यायची, हा जाच आमच्या वडीलमंडळींपैकी अनेकांनी सोसला आहे. पुढे तीच सायकल बसूनच नेणारी पिढी आली. सभेची पत्रके वाटायची तर सायकल, जयंतीची वर्गणी गोळा करायची तर सायकल, बाळंतपणाचा निरोप पोचवायचा तरी सायकलच. १९८३ साली कांशीराम यांनी डीएस-फोरच्या कार्यकर्त्यांना घेऊन अनेक राज्यांतून प्रचाराची सायकल यात्रा काढली, ती काही हौस म्हणून नव्हे. आमच्या कार्यकर्त्याजवळ असलेले वाहन तेवढेच होते. सासूबाई नाही म्हणतात त्याच्या मागे हे सगळे आहे, मग ते त्यांना बोलून दाखवता येवो न येवो.

असो. आता कामाला लागू.

सर्वांत आधी, काही सोडवण्यापूर्वी, चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. हल्ली मोबाईल घरोघरी आहे, त्याचा हा चांगला उपयोग. रॉड ब्रेकच्या काड्या कुठून कुठे जातात हे सोडवल्यावर भल्याभल्यांना आठवत नाही. निघालेले नट-वायसर जुन्या डब्यांत वेगवेगळे ठेवा. पुढच्या चाकाचा एक डबा, मागच्याचा एक, मधल्या एक्सलचा एक.

मग गंजलेल्या प्रत्येक सांध्यावर पातळ तेल सोडून सायकल दोन-तीन दिवस तशीच ठेवा. रेशनचे रॉकेल आता बहुतेक घरांत येत नाही, त्याऐवजी थोडे डिझेल चालते. फक्त हे काम अंगणात करा, चुलीजवळ नको. घाई केली की नटाचे कोपरे गोल होतात आणि मग छिन्नीशिवाय इलाज राहत नाही.

दोन ठिकाणी आटे उलटे असतात, ते ध्यानात ठेवा. डाव्या पायडलचा आटा उलटा. त्याच्यासमोर उभे राहून नेहमीच्या उलट, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले तर तो सुटतो. आणि मधल्या एक्सलचा उजवा, म्हणजे चेनकडचा कप तोही उलट्या आट्याचा. हा उजवा कप आतून गुळगुळीत असेल तर मुळीच काढू नये, जागेवरच पुसून घ्यावा. इथे आणखी एक गोम आहे. बीएसएच्या पद्धतीत या जागी इंचाला २४ आटे असतात, आणि जगभरच्या सायकलींनी पुढे हेच माप उचलले. रॅलेने मात्र आपले इंचाला २६ ठेवले. बाजारातला साधा कप रॅलेत दामटून बसवला की आतले आटे मारले जातात, आणि मग नळीचा तो भागच कामातून जातो. दुकानदार पाना ताकदीने फिरवू लागला तर त्याचा हात धरा.

आता कॉटर. क्रँक एक्सलला पक्का धरून ठेवणारी ही तिरकस पिन म्हणजे जुन्या सायकलीचा हट्टी म्हातारा. शंभरातल्या नव्वद सायकली इथेच बिघडवल्या जातात, असे आम्ही अनुभवाने म्हणतो. नट पुरता काढून टाकून पिनेच्या टोकावर हातोडी मारली की टोक फुलते, आणि मग ती पिन जन्मात निघत नाही. त्यासाठी नट पिनेच्या टोकाशी बरोबर होईल इतकाच ढिला करावा. क्रँकच्या खाली, पिनेचे दुसरे डोके आत जाईल अशा बेताने, लोखंडी नळीचा जाड तुकडा जमिनीवर उभा टेकवावा, म्हणजे मार जमिनीत जाईल, छर्ऱ्यांवर जाणार नाही. मग एकच, नेमका, भारी घाव. दहा हलके ठोके कामाचे नाहीत. नवीन कॉटर बसवताना दोन्ही बाजूंचे कॉटर एकमेकांच्या उलट दिशेने घालायचे, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पाय लंगडा चालतो. बाजारातला कॉटर बहुधा जाड असतो, कानसीने तो थोडा थोडा घासून बसवावा लागतो. ज्या मिस्त्रीच्या दुकानात कानस दिसत नाही त्याच्याकडे हे काम देऊ नये.

छर्रे मोजून काढा. साधारण इंग्लिश घडणीत पुढच्या चाकाला प्रत्येक बाजूला दहा बारीक छर्रे, मागच्या चाकाला नऊ-नऊ पाव इंची आणि मधल्या एक्सलला अकरा-अकरा पाव इंची असतात. जुने छर्रे पुन्हा घालण्याची काटकसर करू नका, नवे स्वस्त आहेत. पण कोन आणि कप फेकण्याआधी बोट फिरवून पाहा. खड्डे पडलेले नसतील तर जुने पोलाद आजच्या नव्या मालापेक्षा बरेच सरस निघते. ग्रीस भरपूर घाला. कोन इतकाच आवळा की चाकात खेळ राहू नये आणि व्हॉल्व्ह आपल्या वजनाने हळूहळू खाली यावा. हीच त्याची परीक्षा. काही जुन्या हबांवर मध्यभागी चिमुकली सरकती पट्टी असते, तिच्याखाली तेल सोडायचे भोक असते. स्टर्मी-आर्चरच्या गिअरलाही पातळ तेलच द्यायचे, त्यात ग्रीस भरू नये.

पुढच्या चाकाला बत्तीस आणि मागच्याला चाळीस स्पोक, ही आपल्या जुन्या सायकलींची रीत. मागे वजन जास्त म्हणून स्पोक जास्त. एखादा तुटलेला असेल तर बदलून चाकाचा आऊट काढून घ्यावा. हे काम घरी जमण्यासारखे नाही. आऊट काढणारा चांगला मिस्त्री अजून आपल्याकडे आहे, भोकरातही आणि नांदेडातही. ताशी भाड्याच्या सायकली गेल्या, नाव लिहायची वही गेली, तसे हे लोकही मोटारसायकलकडे वळले. तरी वय झालेला एखादा मिस्त्री जुनी सायकल पुढे केली की हातातले काम बाजूला ठेवतो. त्याला मजुरी विचारताना घासाघीस करू नये, ही आमची विनंती आहे. आपण ज्याला ओव्हरऑइलिंग म्हणतो ते पुरे करायला त्याचा अख्खा दिवस जातो. तरुण पोराने त्याच्याशेजारी बसून पाहिले तर तो नाहीही म्हणत नाही.

रंगाविषयी थोडक्यात. हौसेने डबाभर काळा ऑइलपेंट आणून ब्रश फिरवू नका. मूळ रंग भट्टीत भाजलेला असतो, त्यावर हाताने मारलेल्या सोनेरी रेघा असतात. त्या पुसल्या की सायकलीची ओळख आणि बाजारातली किंमत दोन्ही जातात. साबणाच्या पाण्याने धुवा, पुसून कोरडी करा, आणि उडालेल्या रंगावर जवसाच्या उकळलेल्या तेलाचा अगदी पातळ हात मऊ फडक्याने द्या. जवस आपल्याकडचेच, त्याचे तेल वाळून वर पापुद्रा धरते. चकचकीत कल्हईच्या भागांवर खरखरीत पॉलिश कागद लावू नये. पाण्यात बुडवलेल्या चॉकलेटच्या चंदेरी कागदाने घासले तरी बराच गंज निघतो. पितळेचा बिल्ला आणि घंटी यांना चिंच आहेच. ते काम कसे करायचे हे आमच्या भगिनींना शिकवायला नको. फक्त बिल्ल्यावर रंग असेल तर हात हलका ठेवा.

चामड्याच्या सीटला खोबरेल किंवा गोडेतेल चोपडू नका. चामडे सैल पडते आणि सीटचा झोळणा होतो. थोडे मेण-चरबीचे मलम, तेही दोनदाच. रिबिट निघाले असतील तर चामड्याचे काम जाणणारे कारागीर तांब्याचे रिबिट ठोकून देतात.

ब्रेकविषयी मात्र तडजोड नाही. रॉड ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या अंगाला खालून लागते, म्हणून रिमही त्याच घडणीची पाहिजे. रबर कडक झाले असेल तर बदला, मग ते दिसायला कितीही शाबूत असो. पावसात लोखंडी रिमला ब्रेक उशिरा लागतो, हे चालवणाऱ्या पोराला आधीच सांगून ठेवा.

भगिनीने पत्राच्या शेवटी विचारले आहे की, मुलगी आठवीत आहे, तिला ही सायकल शाळेला चालेल का? आमचे स्पष्ट मत, नाही. ही उंच, दांडीची, जड सायकल तेरा वर्षांच्या मुलीसाठी नाही. नळीखालून पाय घालून कैची मारत शिकण्याचे दिवस गेले, आणि पडल्यावर ती दांडी फार वाईट लागते. मानव विकास कार्यक्रमातून गरजू मुलींना सायकलीसाठी शासनाची मदत मिळते, त्याची चौकशी शाळेत मुख्याध्यापकांकडे करा. ही सायकल घरधन्याने चालवावी. दूध घालायला, शेतावर, बाजारच्या दिवशी स्टेशनरोडपर्यंत. पेट्रोलचे दर पाहता तीन हजार रुपये असे किती दिवस पुरतील, याचा हिशेब त्यांनीच मांडावा.

सगळे जोडून झाल्यावर पहिल्याच दिवशी लांब जाऊ नका. गावात दोन फेऱ्या मारा, कान देऊन ऐका. कटकट आवाज पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येत असेल तर तो कॉटरचा, चाकाच्या फेऱ्याला येत असेल तर कोनाचा किंवा स्पोकचा. नवा कॉटर पहिल्या पाच-सात किलोमीटरमध्ये आपली जागा धरतो आणि त्याचा नट आपोआप ढिला पडतो. तेव्हा खिशात पाना ठेवा, आणि घरी परतल्यावर दोन्ही नट पुन्हा एकदा आवळून घ्या.